सईच्या रक्तातलं शिसं

सईच्या रक्तात शिसं सापडलंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार सईचा आला नाही. सासूबाईंचा आला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लिहिताना स्वतःला फार चांगलं दाखवायचा मोह मला होणार नाही.

ज्यांचं मूल आजारी आहे आणि का आजारी आहे ते कोणालाच सांगता येत नाहीये, अशा आईबापांसाठी मी हे लिहितेय. औषधांबद्दल डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ती त्या 'का'ची गोष्ट. आजार सईला झाला होता, पण त्या 'का'नं आमचं अख्खं घर पोखरलं.

घर

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. आम्ही मिल्टन कीन्सला राहायचो. माझा नवरा निखिल तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही नव्या इस्टेटमध्ये, म्हणजे नव्यानं बांधलेल्या वसाहतीत, भाड्यानं काढली. तिथली घरं इतकी सारखी की एकदा मी बराच वेळ शेजारच्या दाराला आमची किल्ली लावत उभी होते. मला जुनं घर हवं होतं, ज्याला काहीतरी चेहरा आहे असं.

शहराच्या कडेला एक जुनं गाव आहे. तिथे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लाल विटांच्या घरांची एक लांबलचक रांग आहे. त्यातलं एक घर आम्ही घेतलं. रस्त्याकडे पोट काढून बसलेली बे विंडो, प्रत्येक खोलीत फायरप्लेस, शिडीसारखा उभा जिना. लाकूड म्हणून जे काही होतं त्यावर पांढऱ्या रंगाचे थरावर थर. जिन्याच्या कठड्याचा एक टवका उडाला होता आणि त्याखाली मधाच्या रंगाचं लाकूड दिसत होतं.

"हा सगळा रंग काढला तर काय सुंदर दिसेल रे!" असं मीच म्हटलं.

निखिलला तेवढं पुरे झालं. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला हातांनी करायचं काम सापडलं. ईस्टरपर्यंत जिना मोकळा झाला. आल्यागेल्याला मी तो कौतुकानं दाखवायची.

मार्चमध्ये निखिलच्या आई सहा महिन्यांसाठी आल्या. सांगलीला नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवून निवृत्त झालेल्या. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. तीन वर्षांची सई सकाळी नर्सरीत असायची आणि दुपारी आजीजवळ. पुढच्या खोलीत बे विंडोखाली दोघींची गादी घातलेली असायची. तिथेच खेळ, तिथेच गोष्टी, तिथेच दुपारची झोप.

पोत दुखतं

एप्रिलमध्ये सई "पोत दुखतं" म्हणायला लागली. जेवण कमी झालं, शी होईना. आमचे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणाले, फायबर वाढवा. दोन आठवड्यांनी म्हणाले, व्हायरल असेल. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा सई माझ्या मांडीवर नुसती पडून होती. ते म्हणाले, घरात नवीन माणूस आलं आहे, दोन भाषा आहेत, मुलं कधीकधी अशी मागे जातात.

मागे जातात म्हणजे काय? माझी मुलगी बडबडी होती. बसस्टॉपवरच्या अनोळखी बायकांना आपल्या बुटांची नावं सांगणारी. मे महिन्यात ती पाणी हवं असलं की नळाकडे बोट दाखवायला लागली. नर्सरीतून सांगण्यात आलं की तिनं एका मुलीला चावलं. चेहरा असा पांढरा पडला की शेजारच्या मॉरीननं कुंपणावरून विचारलं, "तिला उन्हात नेता ना?"

मला वाटलं, कोणीतरी काहीतरी करतंय. हा विचार कधी सुरू झाला ते सांगता येणार नाही, पण एकदा सुरू झाल्यावर थांबेना. मी नर्सरीत ठरल्या वेळेच्या आधी जाऊन काचेतून बघायची. डब्यातलं काय परत आलं ते हुंगायची. निखिलनं आणलेली खेळणी उलटी करून कुठल्या देशात बनली ते वाचायची. आणि घरी आईंच्या हातांकडे बघायची.

एके दुपारी लवकर घरी आले. आई पिवळ्या कागदाच्या पुडीतून चिमूटभर काहीतरी मधात कालवून सईला चाटवत होत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत. पुडी शांतपणे मिटून त्यांनी आपल्या पिशवीत ठेवली. मीही काही विचारलं नाही. ते न विचारणं मला नंतर फार महागात पडलं.

शिसं

शेवटी हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं. दोन दिवसांनी फोन आला, मुलीला घेऊन लगेच या. रात्री राहायला लागतील असे कपडेही आणा.

लहान मुलांच्या डॉक्टर व्हिटेकरबाई उंच, सडपातळ होत्या आणि बोलताना नजर हलवायच्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून आमच्या अगदी समोर घेतली.

"सईच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "बरंच आहे."

"पेन्सिलीतलं?" निखिलनं विचारलं. तो हुशार माणूस आहे, पण त्या क्षणी त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"पेन्सिलीत ते नसतं," त्या मऊपणे म्हणाल्या. "आपण औषध देऊन ते बाहेर काढू शकतो. पण ते कुठून येतंय ते सापडलं नाही, तर पुन्हा तिच्या पोटात जाईल. म्हणून मी आता तुम्हाला बरेच प्रश्न विचारणार आहे."

डोळ्यांत काजळ घालता का? कुंकू? मसाले कुठून आणता? तांब्यापितळेची भांडी? रंग उडालेली खेळणी? घरात कुठे रंगाचे पोपडे निघालेत का?

"एकही नाही," निखिल म्हणाला. खरं होतं ते. पोपडे त्यानं सगळे घासून काढले होते.

"अलीकडे बांधकामवाले आले होते?"

"नाही." हेही खरंच होतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भारतातून आणलेली काही औषधं? आजीनं दिलेलं काही?"

"बघून सांगते," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी सईचे कपडे घ्यायला मी घरी गेले. आई अंघोळीला गेल्या होत्या. मी त्यांची पिशवी उघडली. तुळशीची माळ, चष्म्याचं घर, निखिलच्या वडिलांचा फोटो आणि तळाशी रबरबँडनं बांधलेल्या पिवळ्या पुड्या. त्यातली एक उचलली. चोरी करताना हात थरथरतात असं ऐकलं होतं. माझे थरथरले नाहीत.

वॉर्ड

हॉस्पिटलमधले दिवस सगळे एकाच रंगाचे असतात. सकाळी रक्त, मग कॅप्सूल, मग वाट बघणं. त्या औषधाला सडक्या अंड्यांचा वास यायचा. कॅप्सूल फोडून जॅममध्ये मिसळायची आणि सईनं ती गिळेपर्यंत तिचे हात धरून ठेवायचे. पहिल्या दिवशी तिनं माझ्या अंगावर ओकारी काढली. चौथ्या दिवशी ती रडायचीच थांबली, ते मला जास्त लागलं. नुसतं तोंड उघडायची आणि माझ्याकडे न बघता गिळायची.

चांगली माणसंही भेटली. एका शिकाऊ नर्सनं माझ्याकडून "आ कर" शिकून घेतलं आणि ते वॉर्डभर सगळ्याच मुलांना म्हणत सुटली. जेवण वाटणारी बाई सईसाठी लाल जेली बाजूला काढून ठेवायची.

पण मला त्यांच्या चांगुलपणाचाही संशय यायचा. पडदा सरकवून कोणी "सगळं ठीक ना?" विचारलं, की वाटायचं, आपल्यावर लक्ष ठेवतायत. बाहेरचं अन्न मुलीला द्यायचं नाही अशी सूचना तिच्या पलंगाच्या पायथ्याशी लावली होती. आई रोज मऊ भात, वरण, तूप डब्यात घालून निखिलबरोबर पाठवायच्या. तो डबा मी पॅरेंट्स रूममध्ये एकटी बसून खायची आणि धुऊन परत पाठवायची. सईनं खाल्लं का, असं आईंनी विचारलं की निखिल "हो" म्हणायचा.

निखिलचं आणि माझं बोलणं मोजून मापून चाललं होतं. आईंच्या पिशवीतली पुडी डॉक्टरांना नेऊन दिल्याचं मी त्याला सांगितलं होतं.

"तू आईच्या पिशवीत हात घातलास?" एवढंच त्यानं विचारलं.

"आपल्या मुलीच्या रक्तात विष आहे, निखिल."

"म्हणून माझ्या आईनं घातलं?"

"'घातलं' असं मी म्हणाले नाही. 'गेलं असेल' म्हणाले."

तो कँटीनमध्ये निघून गेला. मागाहून कळलं, तो एकटा पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचा. घरी गेला की उरलेला वेळ पुढच्या खोलीत काम करायचा. बे विंडो अर्धी राहिली होती. सई परत येईल तेव्हा तिच्यासाठी खिडकी तयार हवी, असं त्याच्या मनात होतं.

दुभाषी

पाचव्या दिवशी आईंना हॉस्पिटलमध्ये बोलावलं गेलं. एक छोटी खोली, गुळगुळीत टेबल, टिश्यूचा डबा. डॉ. व्हिटेकर आणि जॅनेट नावाची सोशल वर्कर. अशा केसमध्ये हे नेहमीचंच असतं, असं जॅनेटनं तीनदा सांगितलं. तीनदा सांगितल्यामुळे माझा विश्वास बसेना.

आईंनी इरकल साडीवर निखिलचा जुना कोट घातला होता. मला दुभाषी म्हणून त्यांच्या शेजारी बसवलं.

जॅनेटनं टेबलावर पारदर्शक पिशवी ठेवली. आत पिवळी पुडी.

आईंनी पुडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पुडीकडे.

"त्यांना विचारा," जॅनेट मला म्हणाली, "हे त्या किती दिवस देत होत्या."

मी मराठीत तोंड उघडलं, पण शब्द निघायच्या आत आईच इंग्रजीत बोलल्या. शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तशा, सावकाश आणि स्पष्ट.

"Two times. Only two times. For hunger."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "सांग त्यांना, वैद्यांकडची आहे. निखिलला लहानपणी दिली होती. पोर जेवत नव्हती म्हणून दिली. मे महिन्यात. दुखणं एप्रिलपासून आहे, हेही सांग."

मी सगळं सांगितलं. डॉ. व्हिटेकर लिहून घेत होत्या. जॅनेटनं मान हलवली. ती मान हलवणं विश्वासाचं होतं की नाही, ते मला अजूनही सांगता येत नाही. पुडी आणि स्वयंपाकघरातलं कल्हईचं पातेलं तपासायला पाठवणार होते. निकालाला काही आठवडे लागतील, म्हणाल्या.

लिफ्टची वाट बघताना आई म्हणाल्या, "पुडी मागितली असतीस तर दिली असती गं."

लिफ्ट आली.

त्याच आठवड्यात एक हेल्थ व्हिजिटर, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, आमचं घर बघून गेल्या. पाण्याचा नमुना घेतला, खेळणी बघितली, फॉर्म भरला. जाताना जिन्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "किती सुंदर लाकूड आहे!"

"थँक यू," मी म्हणाले. त्या वेळी आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात पुडी होती. माणसाला एकदा संशयित सापडला की तो शोधायचं थांबतो, हे मी तिथे शिकले.

आई गेल्या

सई दहा दिवसांनी घरी आली. औषध अजून बाकी होतं, पण रक्तातलं शिसं निम्म्याच्या खाली आलं होतं. तिनं गाडीतून उतरताना "मॉरीन" अशी हाक मारली, तेव्हा कुंपणापलीकडे मॉरीननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आईंनी तिकीट अलीकडचं करून घेतलं होतं. निखिलनं थांबवायचा प्रयत्न केला. मी केला नाही. मला त्या जायला हव्या होत्या. त्या गेल्या की घर स्वच्छ होईल, असा शब्द माझ्या मनात आला होता. स्वच्छ.

जायच्या दिवशी सई धावत त्यांच्याकडे गेली. आईंनी हात मागे घेतले. "नको बाळा," म्हणाल्या, "आईकडे जा." हीथ्रोला जाणाऱ्या गाडीच्या काचेतून त्यांनी लांबूनच हात हलवला. तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळलेली ती बाई स्वतःच्या नातीला हात लावायला घाबरत होती. हे मी केलं होतं.

पुन्हा

तीन आठवड्यांनी रक्त तपासलं. शिसं पुन्हा वाढलं होतं.

आई सांगलीला होत्या. पुड्या, पातेलं, मसाले, काजळाची डबी, सगळं घराबाहेर गेलं होतं. सई नर्सरीतही जात नव्हती. मी बिनपगारी रजा घेऊन दिवसभर तिच्याबरोबर घरी होते. पुढच्या खोलीत, नव्या घासलेल्या खिडकीखाली, त्याच गादीवर.

दोनच दिवसांत लॅबचे निकाल आले. पुडी निर्दोष. पातेलं निर्दोष.

जॅनेट घरी आली. चहा नको म्हणाली. याआधी तिनं दोनदा घेतला होता.

"मला समजून घ्यायचंय," ती म्हणाली, "आता तिच्याजवळ दिवसभर कोण असतं?"

"मी."

"फक्त तुम्ही?"

"हो."

तिनं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात सगळ्या संबंधितांची मीटिंग घ्यावी लागेल, म्हणाली. सईला पुन्हा हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल, आणि या वेळी पालकांच्या भेटीच्या वेळा ठरवून दिल्या जातील कदाचित. नक्की नाही. कदाचित.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आता या घरात संशयित म्हणून मीच उरले होते. आईंना त्या टेबलाशी बसल्यावर कसं वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. त्याहून वाईट म्हणजे मला स्वतःचाच संशय यायला लागला. आपल्या हातून काही होतंय का? मी दिवसातून वीस वेळा हात धुवायला लागले.

मॉरीननं सांगितलेलं

मॉरीन ऐंशीच्या घरात होती आणि याच रांगेत जन्मली होती. जॅनेटची गाडी तिनं पाहिली असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी ती लेमन केक घेऊन आली. सई खिडकीत बसली होती. आत बाकासारखी बसायची जागा, समोर रस्ता. लहान मुलांना तिथून उठावंसं वाटत नाही.

"एडीची जागा," मॉरीन म्हणाली.

"कोण एडी?"

मॉरीनची आजी आमच्याच घरात वाढली होती. राणी व्हिक्टोरिया अजून जिवंत होती तेव्हा. दोन खोल्या खाली, दोन वर, त्यात आठ माणसं. आजीची धाकटी बहीण एडी चार वर्षांची असताना गेली. आधी पोटात दुखायचं, मग बोलेनाशी झाली, मग फिट्स आल्या.

माझा कप हातातच राहिला.

"कशानं गेली?"

"कोणाला माहीत? त्यांच्या आईला वाटायचं, दूध घालणाऱ्या बाईनं खराब दूध दिलं. मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. तीही बाई याच रस्त्यावर राहायची, बघ." मॉरीन थांबून हसली. "आजी म्हणायची, एडी भारी खोडकर होती. दिवसभर खिडकीत बसून चौकट चावायची. आई तिथे मोहरी वाटून लावायची, तरी चावायची. गोड लागतं म्हणायची."

मी सईकडे पाहिलं. तिनं खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला होता. मग तो हात तोंडात गेला. मुलांचे जातात तसे, सहज.

डॉक्टरांनी रंगाच्या पोपड्यांबद्दल का विचारलं होतं ते मला तेव्हा उमगलं: जुन्या रंगात शिसं असतं, आणि ते गोड लागतं. एडी शिशानं गेली हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. पण मी सईला उचललं, तिचे हात बेसिनमध्ये कोपरापर्यंत धुतले आणि बाबागाडीत घालून बाहेर पडले. मॉरीन केक हातात घेऊन तशीच उभी राहिली.

खिडकी

या वेळी मी कोणाच्या पाठीमागे काही केलं नाही. निखिल ऑफिसमधून येईपर्यंत पार्कमध्ये थांबले आणि त्याला तिथेच बोलावलं.

"जिना तू कशानं घासलास?"

"हीट गननं, रंग तापवून. आणि मग सँडपेपर. का?"

"आणि खिडकी?"

"मशीननं. जिन्याला फार वेळ लागला होता म्हणून या वेळी सँडर भाड्यानं..." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं. "मृणाल, ती धूळ. सगळीकडे होती. मी व्हॅक्यूम केलं होतं. दोनदा."

"जिना घासायचास तेव्हा सई कुठे असायची?"

"जिन्याच्या खालच्या पायरीवर. रंगाची भुकटी तिच्या खेळण्यातल्या पातेल्यात गोळा करायची. भाजी करते म्हणायची." त्यानं डोळे मिटून घेतले. "मी वाढ म्हणायचो तिला. भाजी वाढ म्हणायचो."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण "काय सुंदर दिसेल" हे वाक्य माझं होतं. झाडणं, पुसणं, ती धुळीची फडकी सईच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकणं, तेही माझं.

कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन त्यानंच केला. "माझ्याकडून झालंय," एवढं तो इंग्रजीत म्हणाला आणि मग त्याला पुढचं बोलता येईना. फोन मी घेतला.

दुसऱ्या दिवशी कौन्सिलचा अधिकारी एक यंत्र घेऊन आला. सुपरमार्केटमध्ये किंमत वाचायला वापरतात तसं दिसणारं. तो ते लाकडाला टेकवायचा, थांबायचा, लिहायचा. खिडकी, जिना, दाराच्या चौकटी. मग जमिनीच्या फळ्यांमधल्या फटी, गालिचा, गादी. शेवटी म्हणाला, "आज रात्री झोपायला दुसरीकडे कुठे जाता येईल?"

नंतर

आम्ही पुन्हा नव्या इस्टेटमध्ये गेलो, त्याच एकसारख्या घरांत. या वेळी मी त्या भिंतींकडे प्रेमानं बघितलं. सईला आणखी एक औषधाचा कोर्स द्यावा लागला. त्यानंतरचे आकडे उतरत गेले आणि उतरलेलेच राहिले. माझ्या आणि निखिलच्या रक्तातही शिसं निघालं, पण मोठ्यांना ते तितकं बाधत नाही. जॅनेटनं फाइल बंद केल्याचं पत्र पाठवलं. त्यात सॉरी नव्हतं. खरं सांगायचं तर तिनं म्हणायला हवं असंही मला आता वाटत नाही. तिनं तेच केलं होतं जे मी केलं होतं, फक्त तिचं ते काम होतं.

पांढरे सूट घातलेली माणसं येऊन घर साफ करून गेली. गालिचे फेकले, फळ्या सील केल्या, जिन्याला आणि खिडकीला पुन्हा जाड पांढरा रंग दिला. ते मधाच्या रंगाचं लाकूड आता दिसत नाही. कोणी जुनं घर घेत असेल तर एवढंच सांगते: जुना रंग जिथे आहे तिथे सुखानं राहू द्या. काढायचाच असेल तर आधी तपासून घ्या, आणि मूल घरात असताना तर अजिबात नको. आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला तर त्याच्या शब्दांना उत्तर देऊ नका. त्यांना काय हवंय ते विचारा. "बांधकामवाले आले होते का?" याचं आमचं उत्तर खरं होतं आणि अगदी निरुपयोगी होतं.

सई बोलायला लागली. जवळजवळ पहिल्यासारखी. वाचायला तिला थोडा उशीर लागला. पाढे विसरते, चिडली की फार चिडते. हे शिशामुळे, की ती तशीच असती, हे कोणी सांगू शकत नाही. डॉ. व्हिटेकर म्हणाल्या, "तिच्याकडे मूल म्हणून बघा, तपासणी म्हणून नको." मी प्रयत्न करते. पण प्रत्येक चुकलेल्या स्पेलिंगपाशी मी क्षणभर थांबते आणि तिच्याकडे बघते. तिलाही ते कळतं.

आईंना मी फोनकार्डवरून फोन केला. निखिल करतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. सगळं सांगितलं. रंग, खिडकी, पुडी निर्दोष निघाली तेही. त्यांची पिशवी उघडली तेही माझ्या तोंडानं सांगितलं.

"आई?"

"पोर बरी आहे ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग झालं."

झालं नव्हतं. ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्या पुन्हा यायला तीन वर्षं लागली. सई सहा वर्षांची झाली होती आणि तिचं मराठी इंग्रजीच्या चालीवर चालायला लागलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईंनी शिरा केला. रवा माझ्या डब्यातला, तूप मी आणलेलं, पातेलं स्टीलचं. सईनं पहिली वाटी संपवली आणि हाक मारली, "आजी, माझा वाटी रिकामा आहे!"

आईंनी वाटी भरली. ती घेऊन त्या सईकडे गेल्या नाहीत. माझ्याकडे आल्या.

"मृणाल, देऊ ना?"

"आई, असं नका ना विचारत जाऊ."

"विचारलेलं बरं असतं गं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्या वाटी धरून उभ्या राहिल्या.

मी मान हलवली. मगच त्यांनी ती सईच्या हातात दिली.